दाराबाहेरच्या चपला

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दाराबाहेर नऊ जोड होते. जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या माझ्या चढायच्या राहिल्या होत्या. तिथून, कठड्याला हात टेकून उभं राहिलं की दार अर्धंच दिसतं, पण त्याच्या पुढ्यातली लाल फरशी सगळी दिसते. एक कोल्हापुरी, टाचेकडे झिजलेली. दोन साध्या रबरी स्लिपर. नाडीचे काळे बूट, मोजे आत नीट घडी करून ठेवलेले. कुणा मुलीचे पांढरे कॅनव्हासचे बूट, कडेच्या रबरावर निळ्या पेनानं काढलेली वेल. आणि अगदी दाराशी एक जोड असा, की त्यातली एक चप्पल सरळ आणि दुसरी पालथी. घाईत आलेल्या माणसाची. पालथी चप्पल दिसली की घरात भांडण होतं, असं आमची आजी म्हणायची, आणि लग्नकार्यातल्या शंभर चपलांच्या ढिगातलीही पालथी चप्पल पायाच्या अंगठ्यानं सरळ करून मगच पुढे जायची. मलाही ती सरळ करावीशी वाटली. त्यासाठी तीन पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. मी खाली उतरले.

“एकदा येऊन नुसती जागा बघून जा ताई,” असं त्या समुपदेशक मुलीनं सांगितलं होतं. मुलगीच म्हणायची, माझ्या पहिल्या दहावीच्या तुकडीतली मुलं आज तिच्याएवढी असतील. गटाचा नवा भाग पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सुरू होणार होता, मधे कुणाला घेत नाहीत, तोवर मला ठरवायचं होतं. म्हणून मी जागा बघायला गेले होते. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. त्या दिवशी आठ जोड होते. पांढरे बूट होते, काळे बूट होते. पालथ्या चपलेचं माणूस नव्हतं. ते आजारी होतं की सोडून गेलं होतं, कोण जाणे. ज्याचा चेहरा मी पाहिला नाही आणि नाव मला कधी कळणार नाही, अशा त्या माणसाची काळजी मला आठवडाभर लागून राहिली.

सदाशिव पेठेतली ही जुनी इमारत. तळमजल्यावर तबल्याचा क्लास आहे. पहिल्या मजल्यावर शिवणाचा, आणि त्याच्या समोर स्पर्धा परीक्षांचा. पुण्यात कुठल्याही जिन्याखाली उभं राहा, वर कुणीतरी काहीतरी शिकतच असतं. अबॅकस, संवादिनी, जर्मन, मोडी. मी स्वतः सत्तावीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवते आहे. त्यामुळे शिकण्याच्या जागेचा वास मला ओळखीचा आहे: खडू, घाम, डब्यातलं लोणचं आणि थोडीशी भीती. त्या दुसऱ्या मजल्यावर काय चालतं हे सांगताना त्या मुलीनंही क्लास हाच शब्द वापरला. “याला उपचार म्हणा, पण बसायला क्लाससारखंच वाटेल,” ती म्हणाली. दर शनिवारी पाच ते साडेसात. आधी गेल्या आठवड्याचा गृहपाठ, मग दहा मिनिटं चहा, मग फळ्यावर नवं कौशल्य. पूर्ण अभ्यासक्रम चोवीस आठवड्यांचा. बरेच जण तो दोनदा करतात, म्हणजे वर्ष जातं. चार भाग आहेत. आता या क्षणी काय चाललंय ते नुसतं बघता येणं. असह्य वेळ आली तर ती आणखी न बिघडवता पार करणं. मनात उठलेल्या भावनेला नावानं ओळखणं आणि तिला वळण लावणं. आणि नातं न तोडता मागणं, नाही म्हणणं. रोज रात्री एक तक्ता भरायचा: आज राग किती, दुःख किती, शून्य ते पाच; कुठलं कौशल्य वापरलं, वापरलं नसेल तर आठवलं तरी का.

मी विचारलं, “आणि आपली गोष्ट कधी सांगायची?”

“गोष्ट माझ्याशी एकटीशी बोलताना सांगायची. गटात नाही. गटात फक्त विचारायचं, की या आठवड्यात हे वापरून बघितलंत का.”

हे ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच थोडी निराशाही झाली. माझ्या मनात गट म्हणजे गोल मांडलेल्या खुर्च्या, एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्या वाड्यातले एक काका दारू सोडण्यासाठी अशा सभांना जात. तिथे माणूस उठून स्वतःची कहाणी सांगतो, आणि सांगता सांगता मोकळा होतो, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. या पुण्यातच १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं आणि व्यसनाबद्दल चारचौघांत बोलायचं असतं हे आम्हा मध्यमवर्गीयांना थोडं थोडं कळलं. पण राग? रागासाठी कुणी गटात बसतं? आणि बसून त्याची कहाणीही सांगायची नाही, गृहपाठ दाखवायचा?

राग आमच्या घरात नेहमीच मानाच्या पाहुण्यासारखा राहिला आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, जमदग्नीचा अवतार म्हणून सगळ्या भावकीत प्रसिद्ध होते. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून त्यांनी एकदा भरलं ताट अंगणात भिरकावलं होतं. पितळी ताट होतं. ते दगडी पायरीवर आपटून फिरत फिरत तुळशीवृंदावनापाशी जाऊन थांबलं, आणि थांबेपर्यंत त्याचा जो आवाज होत राहिला तो मला अजून ऐकू येतो. ही हकिगत पुढे आमच्याकडे सणावारी हसत हसत सांगितली जायची. “मनात काही नाही हो त्यांच्या, फणस आहेत फणस.” सांगणाऱ्यांत आईसुद्धा असायची. त्या दिवशी भिंतीवरची आमटी तिनंच पुसली होती. तेच आण्णा संध्याकाळी दिवा लागला की आम्हा भावंडांना ओळीत बसवून मनाचे श्लोक म्हणायला लावत. दोनशे पाच श्लोक. मनाशी बोलावं, त्याला हाक मारून समजावावं, ही रीत आमच्याकडे इतकी जुनी, आणि ते श्लोक आण्णांना एकही न चुकता पाठ होते. म्हणताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. मला वाटतं, त्यांना खरोखरच बदलायचं असावं. कसं, ते कुणी दाखवलं नाही.

आई दर गुरुवारी भजनी मंडळात जायची. विठ्ठलाच्या देवळाबाहेर पंधरा-वीस बायकांच्या चपला, त्यांत आईची डाव्या अंगठ्याला टाका घातलेली. आतल्या प्रत्येकीच्या घरी काही ना काही जळत होतं, आणि ते प्रत्येकीला दुसरीचं माहीत होतं. कुणी बोलत नसे. पण टाळ धरून दोन तास शेजारी बसल्यावर आई घरी यायची ती वेगळी असायची, खांदे उतरलेले, चालणं सैल. हळदीकुंकू, भिशी, वारी, मंगळागौर: आमच्याकडे माणसं एकत्र बसत नाहीत असं नाही. फक्त ज्या कारणासाठी बसतात ते कारण कधी मोठ्यानं म्हटलं जात नाही. त्या दुसऱ्या मजल्यावर ते फळ्यावर लिहिलेलं असेल. तिथे बिचकते मी.

माझा राग आण्णांसारखा नाही, असं मी खूप वर्षं धरून चालले. मी ताट फेकलं नाही. मी भांडी घासते, कपाटं लावते, पोळीचा तवा उतरवते, आणि हे सगळं करताना आवाज होतो, इतकंच. लेक नऊ वर्षांची होती तेव्हा एकदा ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी बोळात होते. ती दबक्या आवाजात म्हणाली, “थांब, आत्ता नाही विचारत. आई कपाटं जोरात लावतेय. हळू लावायला लागली की विचारते.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस थांबला की खेळायला जाऊ, असं म्हणावं तसं ती बोलत होती. मी तिथेच भिंतीला टेकले. मग आत जाऊन पोळ्या केल्या. त्या दिवशी कपाट हळू लावलं, दुसऱ्या दिवशीही लावलं. तिसऱ्या दिवशीचं आठवत नाही.

“तू रागीट नाहीस गं, तू दमलेली असतेस,” असं आमचे हे म्हणतात. प्रेमानं म्हणतात. त्या वाक्याच्या आसऱ्याला मी वीस वर्षं राहिले, माहेरी राहावं तशी. तिथून मला बाहेर काढलं ते आठवीच्या वर्गातल्या एका मुलानं. भूमितीचा तास होता, तो मागे वळून हसला, आणि मी त्याची वही फाडली. दोन पानं नाही. अख्खी वही, मधोमध, दोन्ही हातांनी. वर्ग इतका शांत झाला की बाहेर पटांगणावरची शिट्टी ऐकू आली. स्टाफरूममध्ये पाण्याचा पेला धरता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याला नवी दोनशे पानी वही दिली आणि सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. तो म्हणाला, “असू दे बाई.” तेरा वर्षांच्या मुलानं ते शब्द ज्या सुरात म्हटले, तो सूर माझ्या आईचा होता.

त्यानंतर मी त्या समुपदेशक मुलीकडे जायला लागले. चौथ्या-पाचव्या भेटीत तिनं गटाचं सुचवलं आणि सोबत, मी वाचणारी आहे हे ओळखून, ही पद्धत जिनं घडवली तिच्याबद्दल सांगितलं. मार्शा लिनेहन. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात जन्मलेली ही बाई सतराव्या वर्षी, १९६१ मध्ये, हार्टफर्डच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग नावाच्या मनोरुग्णालयात दाखल झाली आणि दोन वर्षांहून थोडा अधिक काळ तिथे राहिली. ती स्वतःला इजा करून घ्यायची, डोकं आपटायची. तिला एकांत खोलीत ठेवलं जायचं. पुढे ती शिकली, सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाली, आणि जगणं नकोसं झालेल्या माणसांसाठी तिनं हे एकेक कौशल्य गोळा केलं, पारखलं, क्रमाला लावलं. १९९३ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि पद्धत जगभर गेली. मात्र आपण स्वतः त्या अंधारातून आलो, हे तिनं जाहीरपणे सांगितलं २०११ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, त्याच रुग्णालयात जाऊन. हे ऐकल्यापासून मी त्या क्षणाचं चित्र मनात पुन्हा पुन्हा उभं करते. इतकी वर्षं लोकांना शिकवलं, आणि स्वतःचं गणित कुठून सुटलं ते शेवटी सांगितलं.

तिच्या पद्धतीच्या नावात जो डायलेक्टिकल शब्द आहे त्याला मराठीत द्वंद्वात्मक म्हणतात. मला तो जड वाटला. आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंना सहज विचारलं, तर त्या डबा खाता खाता म्हणाल्या, “द्वंद्व म्हणजे भांडणच कशाला, समास आठव की. आईबाप, मीठभाकर. दोन्ही पदं सारख्या महत्त्वाची.” मग त्यांनी भेदही सांगितला, जो मी दहावीत पाठ केला होता आणि विसरले होते. आईबापचा विग्रह ‘आणि’नं होतो, तो इतरेतर द्वंद्व. बरेवाईटचा ‘किंवा’नं, तो वैकल्पिक. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत बसमध्ये तेच घोळवत होते. मी चांगली आई किंवा वाईट आई. मी जशी आहे तशी ठीक किंवा मला बदललं पाहिजे. पन्नाशी उलटेपर्यंत सगळे विग्रह ‘किंवा’नं केले. लिनेहनबाईंचं म्हणणं, मला समजलं तेवढं, असं आहे की माणसाला आहे तसं स्वीकारायचं आणि त्याला बदलायलाही लावायचं. एकासाठी दुसरं सोडायचं नाही. बसमध्ये हे फार सोपं वाटतं.

क्लास हा शब्द आपल्या पुण्याचा, असं मला वाटायचं. पण नंतर वाचनात आलं की माणसांना एकत्र बसवून बरं करण्याची आधुनिक वैद्यकातली जी अगदी सुरुवातीची खटपट, तिलाही क्लासच म्हणत. बॉस्टनचे डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये गरीब क्षयरोग्यांचा असा वर्ग सुरू केला. सॅनेटोरियम परवडत नसलेली माणसं आठवड्यातून एकदा जमायची आणि प्रत्येकाकडे एक वही असायची: ताप किती, विश्रांती किती, खाल्लं काय. प्रॅटना फक्त शिस्त शिकवायची होती. माणसं एकमेकांना बघून धीर धरतात हे त्यांना तिथे दिसलं. मला त्या वह्या डोळ्यांसमोर येतात. खोकणाऱ्या माणसांनी मांडीवर ठेवलेल्या, रेघा आखलेल्या.

आणि तरीही मी तीन पायऱ्या खाली का थांबते? कारणं मी स्वतःला बरीच देते. पुणं लहान आहे. ते पांढरे बूट माझ्या जुन्या विद्यार्थिनीचे असले तर? आतलं बाहेर न्यायचं नाही हा तिथला पहिला नियम आहे, हे मला सांगितलेलं आहे, पण ती मला ‘बाई’ म्हणेल आणि मी तिच्या शेजारी गृहपाठ उघडेन, तो क्षण कसा असेल? दुसरं, ही पद्धत जिवावर उठलेल्या दुःखासाठी घडली. माझं दुःख तेवढं नाही, मी कुणाची जागा तर अडवत नाही ना? हे मी समुपदेशक मुलीला विचारलंही. ती म्हणाली, “तुमच्यामुळे कुणाला परत पाठवावं लागलं तर मी सांगेन. सध्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत.”

खरं कारण मला सापडलं ते स्वयंपाकघरात. तिनं एक गोष्ट घरी करून बघायला सांगितली होती. राग डोक्यात चढला की पसरट भांड्यात गार पाणी घ्यायचं, बर्फ टाकायचा, श्वास रोखून चेहरा त्यात बुडवायचा, डोळ्यांखालचा भाग भिजेल असा, पंधरा-वीस सेकंद. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पाण्याखाली गेल्यावर सीलच्या हृदयाचे ठोके मंदावतात, तोच गुण माणसाच्या शरीरातही आहे. एका रात्री शाळेतून आलेल्या फोननंतर माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले. हात तव्याकडे गेले होते. मी परात घेतली, फ्रिजमधला बर्फ ओतला आणि तोंड बुडवलं. दुसऱ्यांदा वर आले तेव्हा ठोके खरोखर खाली आले होते. राग गेला नव्हता. पण तो आणि माझे हात यांच्यामध्ये वीतभर जागा झाली होती.

मी ओट्याशी उभी राहून रडले. आजी म्हणायची, “तोंडावर पाणी मार, दहा अंक मोज.” म्हणजे घरात होतंच ते कुठेतरी, तुटक, अर्धवट, गमतीत बोललेलं. इतकं साधं होतं? परातभर पाणी? मग आण्णांचं ताट? मग बोळातला तो दबका आवाज? राग आमच्या रक्तात आहे, नाकाचा आकार आहे तसा, हे एकदा मान्य केलं की त्याचा हिशोब मागता येत नाही. पण शिकता येण्यासारखं असेल तर जे झालं ते व्हायलाच हवं होतं असं नाही. दरवर्षी कुणीतरी पालक मुलाचा हात धरून माझ्यापुढे उभे राहतात आणि म्हणतात, “बाई, याला गणित जमणारच नाही, आमच्या घरात कुणालाच जमलं नाही.” सत्तावीस वर्षं मी हे वाक्य एकदाही मान्य केलेलं नाही. मी मुलाला पहिल्या बाकावर बसवते आणि अपूर्णांकांपासून सुरू करते. काही मुलं पहिल्या आठवड्यात फार चिडतात. मला वाटायचं ती कंटाळतात. आता वाटतं, बेरीज जमल्या क्षणी त्यांना मागची सगळी वर्षं दिसत असतील.

आण्णा जाऊन अकरा वर्षं झाली. ते पितळी ताट माझ्याकडे आहे, माळ्यावर. त्याच्या काठाला एक पोचा आहे.

उद्या पहिला शनिवार. अर्ज माझ्या पर्समध्ये आहे. नाव, वय, घरच्यांचा नंबर, चालू औषधं, सगळं भरून झालंय. शेवटी एक प्रश्न आहे, गटातून तुम्हाला काय हवं आहे, आणि त्याच्यासाठी चार ओळींची जागा. तिथे मी पेन्सिलनं काहीतरी लिहिलं होतं, ते खोडलं. कागदावर त्याची खूण राहिली आहे. लेक बंगळुरूहून दोन दिवसांसाठी आली आहे. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

जेवणं झाली, आणि ती बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. मी भांडी मांडणीत लावत होते. मधल्या फळीवर ठेवताना दुधाचं पातेलं हातातून निसटलं आणि फरशीवर पडलं. मोठा आवाज झाला, घरंगळत जाऊन फ्रिजला लागलं. बाहेरच्या खोलीतली टकटक थांबली. ती सव्वीस वर्षांची आहे. तिचा श्वासही थांबला असावा, इतकं शांत झालं.

“निसटलं गं,” मी म्हणाले. “ओला होता हात.”

ती काही बोलली नाही. मी पातेलं उचललं, पुसलं आणि दोन्ही हातांनी फळीवर ठेवलं. बऱ्याच वेळानं टकटक पुन्हा सुरू झाली, आधी एक-दोन बोटांची, मग सगळ्या बोटांची.